काबुकीझामधील पहिली संध्याकाळ: नवख्या प्रेक्षकासाठी

टोकियोच्या गिन्झा भागात गेलेले अनेक पर्यटक काबुकीझा नाट्यगृहाच्या दर्शनी भागाचे छायाचित्र काढतात आणि आत न जाताच पुढे निघतात. भाषा कळणार नाही, प्रयोग चार तास चालतो आणि तिकीट महाग असते, ही तीन कारणे त्यांच्याकडे तयार असतात. यांपैकी शेवटच्या दोन अडचणींवर नाट्यगृहानेच उपाय ठेवलेला आहे. पहिली अडचण वाटते तेवढी मोठी नाही, कारण रंगमंचावरचे जुन्या वळणाचे संवाद आजच्या जपानी प्रेक्षकालाही सगळेच्या सगळे समजत नाहीत. काबुकीचा नेहमीचा प्रेक्षक कथेत पुढे काय होणार हे पाहायला जात नाही. ती त्याला पाठ असते आणि एखादा नट ती आज कशी उभी करतो, हे पाहायला तो जातो. नवख्यानेही हाच मार्ग धरावा, म्हणजे कथा घरी वाचावी आणि नाट्यगृहात नट पाहावा. पुढील सूचना याच धोरणाने लिहिल्या आहेत.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी आहे. इझुमो नो ओकुनी या स्त्रीने १६०३च्या सुमारास क्योटोत केलेल्या नृत्यांपासून काबुकीचा उगम मानतात. १६२९मध्ये शोगुन या लष्करी शासकांच्या राजवटीने स्त्रियांना रंगमंचावर बंदी केली, पुढे १६५२मध्ये कोवळ्या मुलांचे काबुकीही बंद झाले आणि प्रौढ पुरुषांनीच सर्व भूमिका करण्याची रीत पडली. स्त्रीभूमिका करणाऱ्या नटाला ओन्नागाता म्हणतात. बालगंधर्वांचे नाव घेत वाढलेल्या मराठी प्रेक्षकाला याचे नवल वाटण्याचे कारण नाही. फरक इतकाच की आपल्याकडे ती परंपरा मुख्य रंगभूमीवरून सरली, तर तिथे ती आजही पूर्ण भरात आहे.

कार्यक्रम निवडताना

काबुकीझामध्ये दर महिन्याला नवा कार्यक्रम लागतो. तो महिन्याच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत सुरू होऊन साधारण पंचवीस दिवस चालतो. मधे एक-दोन दिवस सुटी असते आणि महिनाअखेरीचे काही दिवस नाट्यगृह पुढच्या तयारीसाठी बंद राहते. त्यामुळे प्रवासाच्या तारखा ठरवतानाच वेळापत्रक पाहावे. एरवी दिवसाचे दोन भाग असतात. पहिला सकाळी अकराच्या सुमारास आणि दुसरा दुपारी साडेचारच्या सुमारास सुरू होतो. संध्याकाळचा कार्यक्रम म्हणून साडेसहाला पोहोचणाऱ्याचा अर्धा प्रयोग हुकलेला असतो, हे विशेष ध्यानात ठेवावे. काही महिन्यांत, विशेषतः ऑगस्टमध्ये, दिवसाचे तीन लहान भाग करतात आणि नवख्याला ते सोयीचे पडतात.

एका भागात बहुधा एकच नाटक आरंभापासून शेवटापर्यंत होत नाही. निरनिराळ्या नाटकांतले दोन-तीन गाजलेले प्रवेश आणि एखादे नृत्य असा तो संच असतो. यांत ढोबळमानाने तीन प्रकार ओळखता येतात. जिदाइमोनो म्हणजे सामुराई आणि सरदार घराण्यांची ऐतिहासिक नाटके, सेवामोनो म्हणजे व्यापारी, चोर, गणिका अशा शहरी माणसांची नाटके आणि शोसागोतो म्हणजे नृत्य. माझ्या मते पहिल्या खेपेला ज्या भागात निदान एक नृत्य आहे, तोच भाग घ्यावा. केवळ जिदाइमोनोचा संच घेतला, तर निवेदकाच्या गायनावर चाललेले तासाभराचे मानसिक द्वंद्व पाहावे लागते. त्यात रसिकाला ब्रह्मानंद होतो, पण नवखा प्रेक्षक हमखास पेंगतो. अर्थात प्रयोगात डुलक्या घेणारे जपानी प्रेक्षकही पुष्कळ असतात आणि त्याबद्दल कोणी कोणाला नावे ठेवत नाही.

यादीत ‘कांजिन्चो’, ‘रेनजिशी’, ‘मुसुमे दोजोजी’ किंवा ‘बेन्तेन कोझो’ यांपैकी काही दिसल्यास फार विचार करू नये. नटांपैकी स्त्रीभूमिकांसाठी बांदो तामासाबुरो आणि पुरुषभूमिकांसाठी काताओका निझाएमोन या दोन ज्येष्ठांची नावे शोधावीत. दोघांनाही जपान सरकारने ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा सन्मान दिलेला आहे. काही महिन्यांत एकच भूमिका दोन नट आळीपाळीने करतात, तेव्हा आपल्या तारखेला कोण आहे हेही तपासून घ्यावे.

तिकीट आणि आसन

तिकिटे आधीच्या महिन्याच्या मध्याच्या सुमारास खुली होतात. नाट्यगृह चालवणाऱ्या शोचिकु कंपनीच्या इंग्रजी संकेतस्थळावरून ती घेता येतात आणि नाट्यगृहातील यंत्रातून छापून मिळतात. तळमजल्यावरच्या पहिल्या श्रेणीला साधारण १६ ते २० हजार येन पडतात. तिसऱ्या मजल्यावरच्या मागील रांगा साधारण ४ ते ६ हजारांत मिळतात आणि त्याच आधी संपतात.

ज्यांना चार तासांची किंवा एवढ्या खर्चाची खात्री नाही, त्यांच्यासाठी चौथ्या मजल्यावर हितोमाकुमी, म्हणजे एकच अंक किंवा एकच नाटक पाहण्याची जागा आहे. तिचे तिकीट अंकाच्या लांबीनुसार ठरते आणि बहुधा हजार-दोन हजार येनांच्या आत असते. यातील बहुतेक आसने आदल्या दिवशी दुपारी बारापासून ऑनलाइन मिळतात आणि थोडी त्याच दिवशी नाट्यगृहावर विकली जातात. या जागेचे प्रवेशद्वार आणि लिफ्ट वेगळी असते आणि तिथून खालच्या मजल्यांवर जाता येत नाही. रंगमंच तिथून बराच दूर आणि खोल दिसतो, म्हणून दुर्बीण न्यावी. आवाज मात्र उत्तम पोहोचतो आणि कसलेले प्रेक्षक आपल्या आसपासच असतात.

आसन निवडताना हानामिचीचा विचार आधी करावा. हानामिची म्हणजे प्रेक्षागृहाच्या डाव्या बाजूने, प्रेक्षकांच्या मधून, रंगमंचापर्यंत जाणारी उंच वाट. मोठे पात्र बहुधा याच वाटेने येते आणि जाते. वाटेच्या मागच्या टोकापासून सात भाग आणि रंगमंचापासून तीन भाग अशा अंतरावर शिचिसान नावाची जागा असते. तिथे नट थांबतो, वळतो आणि आपली पहिली छाप पाडतो. त्याच जागी जमिनीत सुप्पोन नावाचा, वर-खाली होणारा लहान पाळणा असतो आणि त्यातून वर येणारे पात्र बहुधा भूत, मांत्रिक किंवा माणसाचे रूप घेतलेला प्राणी असते. २०१३मध्ये उघडलेल्या सध्याच्या इमारतीत शिचिसानची जागा वरच्या मजल्यांवरूनही दिसते, परंतु त्यामागची वाट तिथून दिसत नाही. ऐपत असेल तर तळमजल्यावर हानामिचीच्या उजव्या हाताला, सातव्या ते नवव्या रांगेत बसावे. जुने प्रेक्षक या रांगांना ‘तोचिरी’ म्हणतात आणि त्या सर्वोत्तम मानतात. दुसऱ्या श्रेणीतले मागचे आसन घेण्यापेक्षा तिसऱ्या मजल्यावरची पहिली रांग घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते, कारण तिथून नृत्याची आखणी आणि फिरत्या रंगमंचाची करामत पूर्ण दिसते. वरच्या मजल्यांवर पुढे वाकून बसू नये. उतार तीव्र असल्यामुळे एकाने पाठ सोडली की मागच्या माणसाला रंगमंच दिसेनासा होतो आणि कर्मचारी येऊन नम्रपणे टोकतात.

जाण्यापूर्वीचा अभ्यास

आदल्या रात्री अर्धा तास पुरतो. शोचिकुच्या इंग्रजी संकेतस्थळावर प्रत्येक नाटकाचा सारांश असतो. तो वाचून पात्रांची नावे आणि त्यांचे एकमेकांशी नाते एका कागदावर लिहून घ्यावे. नाट्यगृहात जपानी भाषेतील इअरफोन भाड्याने मिळतो. इंग्रजी उपशीर्षकांची किंवा निवेदनाची सोय दर महिन्याला आणि प्रत्येक आसनासाठी सारखीच असेल असे गृहीत धरू नये, तिकीट घेतानाच ती पाहून घ्यावी. सोय मिळाली तरी एक पथ्य पाळावे. प्रवेशाच्या आरंभी ओळी वाचाव्यात आणि नट शिचिसानवर थांबला की वाचणे सोडावे. डोळे उपशीर्षकांच्या अक्षरांत अडकले, तर ज्या क्षणासाठी पैसे मोजले तो निसटतो.

पोहोचणे आणि पोटोबा

हिगाशी-गिन्झा या भुयारी स्थानकातून नाट्यगृहाच्या तळघरात थेट जाता येते. हिबिया आणि आसाकुसा या दोन मार्गांच्या गाड्या तिथे थांबतात. टोकियोत मराठी कुटुंबांची वस्ती ज्या निशी-कासाई भागात आहे, तिथून तोझाई मार्गाने कायाबाचोपर्यंत यावे आणि तिथे हिबिया मार्गाची गाडी धरावी. तळघरातील कोबिकीचो हिरोबा या चौकात खाद्यपदार्थ, पंखे, रुमाल यांची दुकाने आहेत आणि तिथे फिरायला तिकीट लागत नाही. तरीही एकदा वर रस्त्यावर येऊन दर्शनी भागावर लावलेली चित्रे पाहावीत. त्या महिन्यातल्या नाटकांचे मुख्य प्रसंग त्यांवर रंगवलेले असतात. नाट्यगृह प्रथम १८८९मध्ये उभे राहिले आणि आग, १९२३चा भूकंप आणि १९४५चे बॉम्बहल्ले यांतून पुन्हा पुन्हा बांधले गेले. आजची इमारत पाचवी असून तिच्यामागे २९ मजली मनोरा उभा आहे.

पोशाखाचा काही नियम नाही. किमोनो घालून आलेल्या स्त्रिया दिसतात, तसेच साधी पँट आणि बूट घातलेले लोकही दिसतात.

खाण्याचा विचार मात्र आधीच करावा. मध्यंतर बहुधा अर्ध्या तासाचे असते आणि त्यात आपल्या आसनावर बसून डबा खाण्याची जुनी पद्धत आहे. प्रयोग चालू असताना खाऊ नये. नाट्यगृहात आणि तळघरात बेन्तो, म्हणजे तयार जेवणाचे डबे मिळतात. शाकाहारी वाचकांनी हे ध्यानात घ्यावे की वरून भाजीचा दिसणारा बेन्तोही बहुधा माशाच्या अर्काच्या रश्शात, म्हणजे दाशीत शिजवलेला असतो. त्यामुळे घरून पोळी-भाजीचा कोरडा डबा नेणे सर्वांत निर्धोक. तीव्र वासाचे लोणचे मात्र शेजाऱ्यांच्या विचाराने घरी ठेवावे. दुकानातून उमेबोशी (खारवलेले आंबट फळ) घातलेली ओनिगिरी, म्हणजे भाताची मूद घ्यायची असल्यास भाषांतराच्या अ‍ॅपने वेष्टनावरील घटक वाचून घ्यावेत. तिसऱ्या मजल्यावर माशाच्या आकाराचे, पण आत गोड सारण आणि लाल-पांढरे मोची, म्हणजे चिकट तांदळाचे गोळे घातलेले गरम तायाकी मिळते. मध्यंतर सुरू होताच तिथे रांग लागते, म्हणून आधी तिकडे जावे आणि मग डबा उघडावा. दिवसा पोहोचलात, तर नाट्यगृहापासून चालत काही मिनिटांवर नायर रेस्टॉरंट आहे. जपानमध्ये राहून भारताच्या स्वातंत्र्यासाठी काम केलेल्या ए. एम. नायर यांनी १९४९मध्ये ते सुरू केले.

पडदा सरकल्यावर

काळा, पिकल्या काकी या जपानी फळासारखा भगवट आणि हिरवा अशा तीन रंगांच्या उभ्या पट्ट्यांचा पडदा वर जात नाही, बाजूला सरकतो. त्याआधी लाकडी ठोकळ्यांचे टोल ऐकू येतात. आधी संथ, मग एकमेकांवर चढत जाणारे असे हे टोल सुरू झाले की बोलणे थांबवावे. यापुढे कानांवर विश्वास ठेवला की बरेच काही आपोआप समजते. मागून धातूच्या कड्यांचा ‘चारिन्’ असा आवाज आला, म्हणजे हानामिचीच्या टोकाचा पडदा उघडला आणि मान वळवण्याची वेळ झाली. रंगमंचाच्या डावीकडे काळ्या जाळीमागे वादक बसलेले असतात. मोठ्या ढोलावर मऊ काठीने हळू, दबके ठोके पडू लागले, म्हणजे बर्फ पडते आहे. प्रत्यक्षात बर्फाला आवाज नसतो, पण हे ठोके ऐकताना थंडी जाणवते. ‘दोरोदोरो’ असा घुमणारा नाद आला की भूत जवळ आले आहे. उजवीकडे उंच चौथऱ्यावर निवेदक आणि शामिसेन या तीन तारांच्या वाद्याचा वादक बसले असतील, तर पात्राच्या मनातले निवेदक गातो आणि नट ते शरीराने दाखवतो.

उजव्या कडेला एक काळ्या पोशाखातला माणूस गुडघ्यांवर बसून जमिनीवरच्या फळीवर दोन लाकडी ठोकळे आपटतो. हेच त्सुके. पळणाऱ्या पावलांचा आवाज, मारामारीतला तडाखा आणि मिएचा जोर त्यातून येतो. मिए म्हणजे भावनेच्या शिखरावर नटाने घेतलेली स्थिर मुद्रा. तो डोके गोल फिरवतो, डोळे वटारतो, कधी एक बुबुळ नाकाकडे वळवतो आणि क्षणभर गोठतो. चेहऱ्यावर कुमादोरीची रंगरेषा असेल, तर लाल रेषा शौर्य आणि न्याय, निळ्या रेषा दुष्टपणा आणि तपकिरी रेषा अमानवी शक्ती दाखवतात. रंगमंचावर काळ्या कपड्यांत वावरणारे मदतनीस दिसले, तर ते नाहीतच असे समजावे. सगळे नाट्यगृह तसेच समजत असते.

नृत्यात मात्र मदतनिसांकडे एकदा चोरून पाहण्यासारखे असते. ‘मुसुमे दोजोजी’सारख्या नृत्यात नर्तकाचा वरचा किमोनो खालच्या किमोनोवर टाचलेला असतो आणि टाचणीच्या दोऱ्यांच्या टोकांना लहान गाठी असतात. नर्तक पाठ वळवून हात हलवत असताना मागे बसलेला साहाय्यक खांद्याजवळचा, बाहीचा, कमरेचा दोरा एकेक करून ओढून काढतो. संगीताच्या ठरलेल्या ठोक्यावर तो वरचा किमोनो खेचतो आणि लाल वेशातली स्त्री एका क्षणात दुसऱ्याच रंगात उभी राहते. एक दोरा अडकला, तर सगळेच फसेल. त्यामुळे या वेळी टाळ्या नर्तकाइतक्याच त्या पाठमोऱ्या हातांनाही मिळतात, असे मी मानतो.

एक नाटक जवळून

‘कांजिन्चो’ नवख्यासाठी आदर्श आहे, कारण त्यातील पेच भाषेविना समजतो. सातव्या इचिकावा दानजुरोने ते १८४०मध्ये प्रथम केले आणि ते नो या काबुकीहून जुन्या नाट्यप्रकारातील नाटकावर आधारलेले असल्याने मागे फक्त एक रंगवलेला पाइन वृक्ष असतो. भावाच्या कोपामुळे पळणारा सेनानी योशित्सुने हमालाच्या वेशात आहे आणि त्याचा सेवक बेनकेई डोंगरी साधूंचा म्होरक्या झाला आहे. आताका येथील नाक्यावरचा अधिकारी तोगाशी त्यांना अडवतो. आपण नारा येथील तोदाइजी मंदिरासाठी वर्गणी गोळा करत आहोत, असे बेनकेई सांगतो, तेव्हा तोगाशी वर्गणीपत्र वाचून दाखवण्यास फर्मावतो. बेनकेई कोरी गुंडाळी उघडतो आणि तिच्यावरून धडाधड वाचू लागतो.

येथे शब्दांऐवजी गुंडाळीवर नजर ठेवावी. तोगाशी एक पाऊल सरकून डोकावू पाहतो, त्याच क्षणी बेनकेई गुंडाळी छातीशी ओढतो, दोघे एकमेकांकडे पाहत थबकतात आणि त्सुकेचा कडकडाट होतो. पुढे हमालाचा संशय येताच बेनकेई आपल्याच धन्याला काठीने मारतो. तोगाशीला सत्य उमगते, पण त्या सेवकाने केवढे पाप पत्करले हे पाहून तो वाट सोडतो. तोगाशीचा नट हे उमगणे कसे दाखवतो, यावर मध्यंतरात प्रेक्षक तावातावाने बोलतात. काही नट नुसती मान वर करून डोळ्यांतले पाणी आवरतात आणि मला तेच अधिक भावते. शेवटी पडदा सरकतो आणि बेनकेई एकटाच पडद्याबाहेर उरतो. सर्व जण सुखरूप पुढे गेले याची खात्री करून तो नमन करतो आणि एका पायावर झेपावत, हात फेकत हानामिचीवरून निघून जातो. याला तोबी-रोप्पो म्हणतात. वरच्या मजल्यावरून या झेपेचा आरंभच दिसतो, म्हणून ‘कांजिन्चो’पुरते तरी तळमजल्याचे आसन परवडवावे.

आरोळ्या, टाळ्या आणि गप्प बसणे

वरच्या मजल्यावरून अचानक ‘नारितया!’ किंवा ‘ओतोवाया!’ अशी आरोळी येते, तेव्हा दचकू नये. प्रत्येक नटघराण्याला यागो नावाचे एक नाव असते. इचिकावा दानजुरोचे नारितया, ओनोए किकुगोरोचे ओतोवाया, तामासाबुरोचे यामातोया, निझाएमोनचे मात्सुशिमाया. मिएच्या ऐन क्षणी, त्सुकेच्या दोन ठोक्यांमधल्या फटीत ही हाक बसावी लागते. ती देणारे जाणकार ओमुको म्हणून ओळखले जातात. उत्साहाच्या भरात आपण ओरडू नये. चुकीच्या वेळी पडलेल्या एका हाकेने मिए भंगतो आणि नटही ते विसरत नाही. टाळ्यांना मात्र मोकळीक आहे. नट हानामिचीवर येताना, मिए जमला की आणि नृत्य संपताना टाळ्या वाजवाव्यात. शेवटी नट रांगेत उभे राहून अभिवादन करतील, म्हणून थांबू नये. पडदा बंद झाला की एरवी प्रयोग संपलेला असतो. चित्रीकरण आणि छायाचित्रण प्रयोगात पूर्ण निषिद्ध आहे आणि मोबाइल बंद ठेवणे म्हणजे खरोखर बंद ठेवणे.

पुढची पायरी

एक संध्याकाळ आवडली, तर पुढचा दौरा महिना पाहून आखावा. नोव्हेंबरमधला काबुकीझाचा आणि डिसेंबरमधला क्योटोच्या मिनामिझा नाट्यगृहाचा कार्यक्रम काओमिसे म्हणून ओळखला जातो. एदोच्या, म्हणजे शोगुनांच्या काळात नाट्यगृहांचे नवे वर्ष अकराव्या महिन्यात सुरू होई आणि वर्षभरासाठी करारबद्ध केलेल्या नटांची ओळख प्रेक्षकांना तेव्हा करून दिली जाई, त्या प्रथेची ही आठवण आहे. डिसेंबरात मिनामिझाच्या दर्शनी भागावर नटांची नावे जाड, भरघोस अक्षरांत लिहिलेल्या लाकडी पाट्या ओळीने झळकतात. त्या पाहायला तिकीट लागत नाही.

एप्रिलमध्ये जपानात असाल, तर शिकोकू बेटावरच्या कोतोहिरा गावी जावे. तेथील कानामारूझा हे १८३५मध्ये बांधलेले नाट्यगृह जपानमधील सर्वांत जुने टिकलेले काबुकी नाट्यगृह आहे आणि १९८५पासून वसंतात तिथे मोठे नट प्रयोग करतात. फिरता रंगमंच खाली तळघरात माणसे ढकलून फिरवतात आणि खिडक्यांची झापे उघडून-मिटून उजेड कमी-जास्त करतात. प्रेक्षकांना लाकडी चौकटींनी आखलेल्या लहान चौकोनांत जमिनीवर बसावे लागते आणि पाय पसरायला जागा नसते. गुडघे कुरकुरत असतील, तर तिकीट काढतानाच कडेची जागा मागावी.